लाल गाडीवरचे जुने पट्टे काढले, नवे लावले: पाथर्डी फाट्याच्या रेडियमवाल्याचं काम

नाशिकमध्ये पाथर्डी फाट्यावरून अंबडकडे निघालं की आतल्या बाजूला एक रेडियमवाला आहे. नंबर प्लेट, नावं, पट्टे ही त्याची जुनी कामं, हल्ली गाड्यांचं रॅपिंगही करतो, म्हणजे संपूर्ण गाडीवर रंगीत फिल्म चढवतो. माझ्या लाल हॅचबॅकवरचे जुने काळे पट्टे काढणं, खालचा रंग पॉलिश करणं आणि त्यानंतर नवे पट्टे आणि आमच्या युनिटचं नाव लावणं ही तिन्ही कामं मी त्याच्याकडून करून घेतली. काम चांगलं झालं. पण मला हे लिहावंसं वाटलं ते वेगळ्याच कारणाने. एका दरवाज्यावर त्याने काम मध्येच थांबवलं आणि मला फोन करून विचारलं. तो थांबला म्हणून तो दरवाजा वाचला.

अंबड एमआयडीसीत माझं पावडर कोटिंगचं छोटं युनिट आहे. रंगाची जाडी मायक्रॉनमध्ये मोजणं हे माझं रोजचं काम, त्यामुळे डीएफटी मीटर पर्समध्ये असतोच. ही गाडी ओझरच्या एका गृहस्थांकडून घेतली तेव्हाही तो काढला होता. 2014 चं मॉडेल, एका हातातलं, पण कायम घरासमोर उघड्यावर उभं राहिलेलं. बॉनेटवर दोन रुंद काळे पट्टे आणि दोन्ही बाजूंच्या दरवाज्यांवरून मागेपर्यंत गेलेले पट्टे. बाजूचे बरे होते. बॉनेटवरच्यांना बारीक भेगा पडल्या होत्या, कडा आत ओढल्या गेल्या होत्या आणि उघड्या पडलेल्या गोंदावर धूळ चिकटून प्रत्येक पट्ट्याभोवती काळी किनार तयार झाली होती.

मीटरवर छत, बॉनेट आणि उजवी बाजू सगळीकडे 105 ते 120 मायक्रॉन दिसत होतं. कारखान्यातून आलेल्या गाडीचा रंग साधारण एवढाच असतो. पत्र्यावर फॉस्फेटचा हात, त्यावर वीसेक मायक्रॉनचा सीईडी (टाकीत बुडवून विजेने चढवलेला गंजरोधक थर), मग प्रायमर, मग रंगाचा बेस कोट आणि सगळ्यात वर चाळीस मायक्रॉनच्या आसपास पारदर्शक क्लिअर कोट. डाव्या मागच्या दरवाज्यावर मात्र आकडा 280 वर गेला आणि खालच्या बाजूला 600 च्या पुढे. म्हणजे तिथे कधीतरी ठोकर बसली होती, पुट्टी भरून वरून रंग मारला होता. किंमत ठरवताना ते मी धरलं होतंच. पण पट्टे काढताना हाच दरवाजा त्रास देणार हेही मला तेव्हाच दिसत होतं.

आपल्याकडे सर्रास म्हणतात, स्टिकर रंग खातो. मी हे ड्रायव्हरकडून ऐकलंय, गॅरेजमध्ये ऐकलंय, घरातल्यांकडूनही. चांगल्या स्थितीतल्या, कारखान्यात भाजलेल्या रंगाच्या बाबतीत हे खरं नाही. विनाइलचा, म्हणजे प्लास्टिकच्या चिकट फिल्मचा, पट्टा खालच्या रंगाला उन्हापासून झाकून ठेवतो. मनगटावरचं घड्याळ काढल्यावर खालची कातडी जशी वेगळी दिसते, तसाच पट्ट्याखालचा रंग मूळचा राहतो आणि आजूबाजूचा उतरत जातो. पट्टा काढला की त्याचा ठसा उमटतो आणि माणसाला वाटतं पट्ट्यानेच काहीतरी केलं. केलेलं असतं उन्हाने, आणि तेही जिथे पट्टा नव्हता तिथे.

त्यातून लाल रंग. लाल छटेसाठी वापरली जाणारी बरीच सेंद्रिय रंगद्रव्यं अतिनील किरणांपुढे लवकर मान टाकतात. पांढऱ्या गाडीत टायटॅनियम डायऑक्साइड असतं, ते उन्हाला दाद देत नाही, म्हणून पांढऱ्या गाडीवरचा पट्टा दहा वर्षांनी काढला तरी ठसा शोधावा लागतो. क्लिअर कोटमध्ये अतिनील किरणं शोषणारी द्रव्यं घातलेली असतात, पण तीही वर्षानुवर्षं खर्ची पडत जातात. छत आणि बॉनेट आकाशाकडे तोंड करून दिवसभर तापतात, दरवाज्यांना ऊन तिरपं लागतं. त्यामुळे एकाच गाडीवर, एकाच दिवशी लावलेल्या दोन पट्ट्यांची आयुष्यं वेगळी होतात. माझ्या गाडीवर हे अगदी स्पष्ट होतं.

दुकानदाराने गाडी पाहिल्यावर आधी पट्ट्यांकडे न बघता प्रत्येक दरवाज्याच्या कडेवरून आणि रबराच्या बीडिंगखालून बोट फिरवलं. डाव्या मागच्या दरवाज्यापाशी थांबून म्हणाला, “ताई, हा बाहेर रंगवलाय. बीडिंगवर ओव्हरस्प्रे आहे.” म्हणजे रंग मारताना उडालेले कण रबरावर बसले होते. मी मीटर दाखवला नव्हता. त्याने बोटाने जे ओळखलं ते माझ्या आकड्यांशी जुळत होतं. तिथेच मी गाडी त्याच्याकडे द्यायचं ठरवलं. याआधी दोन ठिकाणी दर विचारले होते. एका ठिकाणी “अर्ध्या तासात ओढून देतो” असं उत्तर मिळालं, दुसऱ्या ठिकाणी थिनरने साफ करू म्हणाले. दोन्हीकडून मी तशीच परत आले होते.

बाहेर रंगवलेल्या दरवाज्याची एवढी काळजी का, तर कारखान्यात सीईडीचा थर 160 अंशांच्या वर भाजतात आणि क्लिअर कोट 140 च्या आसपास. त्या तापमानाला थर एकमेकांत आणि पत्र्याशी पक्के बसतात. तयार गाडीत मात्र वायरिंग, रबर, प्लास्टिक, पेट्रोलची टाकी असं सगळं असतं, तिला त्या भट्टीत घालता येत नाही. चांगल्या बूथमध्ये 60 अंशांवर सुकवतात. रस्त्याकडेच्या डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडे नुसत्या हवेवर. त्यात जुन्या रंगावर सँडपेपर नीट मारला नसेल, मेणाचा किंवा सिलिकॉनचा अंश राहिला असेल, तर वरचा थर नुसता बसलेला असतो, चिकटलेला नसतो. पट्टा ओढला की जिथलं धरणं सगळ्यात कच्चं तिथून तो सुटतो. कारखान्याच्या रंगावर गोंद सगळ्यात कच्चा, म्हणून पट्टा निघतो. कच्च्या रंगकामावर लॅकर, म्हणजे वरचा पारदर्शक थर, गोंदापेक्षा कच्चं, म्हणून पट्ट्यासोबत लॅकरच निघून येतं. पावडर कोटिंगमध्ये आम्ही क्रॉस-कट टेस्ट करतो, म्हणजे ब्लेडने जाळी आखून त्यावर टेप लावतो आणि ओढतो. वाईट रंगकामावरचा पट्टा काढणं म्हणजे तीच चाचणी संपूर्ण दरवाज्यावर करणं.

उजव्या बाजूचं काम मी उभी राहून पाहिलं. हीट गन एका जागी धरली नाही, सतत फिरती ठेवली. हाताची मागची बाजू पत्र्याला लावून अंदाज घेत होता, जेमतेम टेकवता येईल इतपतच गरम. कोपरा नखाने उचलला आणि पट्टी स्वतःवरच दुमडून, पत्र्याला जवळ ठेवून, सावकाश मागे घेत गेला. सरळ आपल्याकडे ओढली असती तर गोंद पत्र्यावर राहिला असता आणि पट्टी तुटली असती. उजवीकडचा पट्टा जवळजवळ अखंड निघाला. राहिलेल्या गोंदावर संत्र्याच्या तेलाचा रिमूव्हर लावून, थोडं थांबून प्लास्टिकच्या पट्टीने काढला. थिनरची बाटली त्या टेबलावर नव्हतीच. भाजलेल्या क्लिअर कोटवर थिनर एखादवेळ निभावून जातं, बाहेरच्या रंगकामावर मात्र ते चकाकी मारतं आणि कधी कधी रंगच मऊ करून टाकतं.

बॉनेटने सगळ्यांचा अंत पाहिला. जुनी फिल्म स्वस्त कॅलेंडर्ड विनाइलची होती. पीव्हीसीचा गरम लगदा रुळांमधून दाबत, ताणत पातळ करून ही फिल्म होते आणि तो ताण तिच्यात राहून जातो. ऊन लागलं की ती मूळ आकाराकडे आकसू पाहते. तिला मऊ ठेवणारी द्रव्यंही हळूहळू निघून जातात आणि ती पापडी बनते. खालून इंजिनची आच, वरून ऊन. नखाएवढे तुकडे पडत होते. शेवटी त्याने ड्रिलला रबरी चाक लावलं, कमी वेगावर, एका जागी क्षणभरही न टेकवता. हे चाक एका जागी धरलं तर क्लिअर कोट जळतो. त्याने आधी बॉनेटच्या काचेकडच्या, झाकल्या जाणाऱ्या कडेवर चालवून पाहिलं आणि मगच पुढे आला. बॉनेटला दुपार गेली.

पट्टे निघाल्यावर जुन्या कामाचा खरा दोष सापडला. आधी ज्याने पट्टे लावले होते, त्याने ते दरवाज्यांच्या फटींवरून आणि पेट्रोलच्या झाकणावरून सलग चिकटवले आणि गाडीवरच कटर फिरवून कापले होते. झाकणाच्या कडेला आणि उजव्या पुढच्या दरवाज्याच्या मागच्या कडेला ब्लेडची सरळ रेघ उमटली होती. एका जागी ती सीईडीच्याही खाली जाऊन पत्र्याला लागली होती आणि तपकिरी झाली होती. एकूण 110 मायक्रॉनचा रंग, त्यात नव्या ब्लेडला किती जोर लागणार? पट्ट्याने रंगाचं नुकसान होतं म्हणणाऱ्यांनी ही रेघ पाहावी. ती पट्ट्याखाली झाकलेली होती आणि दर पावसाळ्यात तिथे पाणी शिरत होतं. आपल्याकडे इगतपुरी, त्र्यंबकच्या बाजूला गाडी जाते तेव्हा चार महिने ती वाळतच नाही.

आता तो डावा मागचा दरवाजा. फोन आला तेव्हा मी कारखान्यात होते. “ताई, खालच्या कोपऱ्यात बोटभर उचलून पाहिलं, लॅकर सुटायला बघतंय. तुम्ही येऊन बघा, मग ठरवू.” मी गेले. पट्ट्याच्या टोकाशी पारदर्शक पापुद्रा उचललेला दिसत होता, नाण्याएवढा. त्याने दोन पर्याय ठेवले. पट्टा आहे तसा ठेवायचा, किंवा ओढायचंच नाही, आधी रिमूव्हरने गोंद सोडवायचा. दुसरा पर्याय घेतला. पट्ट्याच्या वरच्या कातडीला बारीक ओरखडे मारून रिमूव्हर आत जिरवला, वर प्लास्टिक झाकून ठेवला, मग जरा जरा करून खरवडला. मजुरीचा वेळ दुप्पट गेला. लॅकर त्या नाण्याएवढ्या जागेपलीकडे सुटलं नाही. हा दरवाजा कधीतरी मुळापासून रंगवावा लागेल, पण तो आज, दुसऱ्याच कामापायी, माझ्या गळ्यात पडला नाही.

पॉलिशबद्दल त्याने आधीच सांगून ठेवलं होतं की बाजूचा ठसा जाईल, बॉनेटचा पूर्ण जाणार नाही. तसंच झालं. कंपाउंड मारून वरचा मेलेला थर निघतो, उतरलेला लाल रंग बराचसा वर येतो आणि पट्ट्याखालच्या ताज्या लालच्या जवळ जातो. दरवाज्यांवर आता मलाही ठसा सापडत नाही. बॉनेटवर सकाळच्या तिरप्या उन्हात दोन गडद रस्ते अजून दिसतात. तो अजून घासू शकला असता. मी मीटर लावला, आधीच्या आणि नंतरच्या आकड्यांत तीन-चार मायक्रॉनचा फरक आला आणि मीच म्हटलं, बस. क्लिअर कोट पुन्हा वाढत नाही, आणि उन्हाला अडवणारी जी काही द्रव्यं उरली आहेत ती त्याच थरात आहेत. ठसा घालवण्यासाठी रंगाचं उरलेलं आयुष्य खर्चणं मला पटत नाही.

कटरच्या रेघा आणि तो नाण्याएवढा डाग त्याने गंज काढून, प्रायमर लावून टचअप केला. त्यानंतर मला नवे पट्टे लगेच हवे होते. तो तयार झाला नाही. म्हणाला, हवेवर सुकलेल्या रंगातून सॉल्व्हंट निघत राहतं, महिनाभर तरी थांबा, नाहीतर फिल्मखाली फुगे येतील. आलेलं काम हातचं सोडून गिऱ्हाईकाला महिनाभर थांबवणारा माणूस मला आवडतो. थांबले.

नव्या फिल्मसाठी त्याने रोल दाखवले. स्वस्तात ओराकल 651 होती, कॅलेंडर्ड. सपाट जागेवरच्या, वर्ष-दोन वर्षांच्या नावासाठी ती वाईट नाही, निवडणुकीतल्या निम्म्या गाड्यांवर असलंच काही असतं. तिच्या वर ओराकल 751, कास्ट. ही द्रव पीव्हीसी कागदावर पसरून भट्टीत सुकवतात, त्यामुळे तिच्यात ताण नसतो, ती आकसत नाही आणि वळणांवर छान बसते. या दोन्हींचा गोंद कायमचा धरून ठेवणारा. रॅपची फिल्म, उदाहरणार्थ थ्रीएमची 2080, तिचा गोंद मात्र पुढे उष्णता देऊन काढता यावा असा बनवलेला असतो. मी विचारलं, पट्टे रॅपच्या फिल्ममधून कापता येतील का? तो म्हणाला, मॅट काळ्याचा मोठा तुकडा उरलाय, त्यातूनच काढतो, दरही कमी लावतो. बाजूचे पट्टे त्यातून केले, आणि युनिटच्या नावाची बारीक पांढरी अक्षरं 751 मध्ये, कारण बारीक अक्षरं तिच्यात प्लॉटरवर (फिल्म कापायच्या यंत्रावर) स्वच्छ कापली जातात.

एक गोष्ट मात्र रोल घेताना लक्षात ठेवावी. फिल्मच्या आयुष्याचे जे आकडे ओराकलच्या कागदावर असतात ते उभ्या पृष्ठभागासाठी आणि मध्य युरोपच्या हवामानासाठी असतात. आपलं मे महिन्यातलं बॉनेट त्या हिशेबात बसत नाही. थ्रीएमही आडव्या भागांवर वॉरंटी कमी देतं. म्हणून मी बॉनेट मोकळं ठेवलं. दुकानदाराला ते पटलं नाही, त्याच्या मते बॉनेटवरचा एक पट्टा उरलेला ठसा झाकून टाकेल. तेही खरं आहे, दिसायला सुंदर दिसलं असतं. पण चार-पाच वर्षांनी पुन्हा पापडी खरवडत बसायची माझी इच्छा नाही.

लावताना गाडीवर एकदाही ब्लेड टेकला नाही. सरळ कडा प्लॉटरवर कापून आणल्या होत्या, आणि दरवाज्यांच्या फटीपाशी त्याने दोऱ्याची फिनिशिंग टेप आधी चिकटवली. वरून फिल्म बसवली आणि मग दोरा ओढून ती चिरली. पट्टा प्रत्येक दरवाज्याच्या कडेपासून दोन-तीन मिलिमीटर आत थांबतो, त्यामुळे दार उघडताना कडा उचलली जात नाही. डाव्या मागच्या दरवाज्यावर नाव घातलं नाही, फक्त पट्टा नेला, आणि तोही टचअपच्या डागापासून वर ठेवून. हे त्यानेच सुचवलं.

तक्रारी आहेत, त्याही सांगते. शेड रस्त्याकडून उघडी आहे. सिंहस्थाच्या कामांसाठी शहरात जागोजाग खोदलंय, त्यात हवेत धूळ केवढी. माझ्या उजव्या पट्ट्याखाली धुळीचे दोन कण राहिले, हात फिरवला की कळतात. त्याने बरंच सांभाळलं, पण रॅपिंगसारखं मोठं काम करायचं तर या शेडला निदान पडदा हवा. बिलावर नुसतं “रेडियम काम” लिहिलेलं होतं. फिल्मची कंपनी आणि नंबर लिहून द्या म्हटल्यावर त्याने पेनाने लिहून दिलं, पण हे न मागता मिळायला हवं, कारण पुढे कुणी तरी तो पट्टा काढणार आहे आणि त्याला वर काय आहे ते माहीत असलं पाहिजे. वेळही सांगितल्यापेक्षा जास्त लागला. डाव्या दरवाज्यामुळे लागला हे मला मान्य आहे, बॉनेटचा अंदाज मात्र त्याला आधी यायला हवा होता.

पैसे: पट्टे आणि गोंद काढण्याचे 2,200, पॉलिशचे 2,500, टचअपचे 800, नवे पट्टे आणि नाव मिळून 4,600. डाव्या दरवाज्याच्या जादा वेळाचे त्याने वेगळे मागितले नाहीत, मी 500 वर दिले. “अर्ध्या तासात ओढून देतो” म्हणणाऱ्याचा दर काढण्यापुरता 700 होता.

संपूर्ण गाडीचा रंग रॅपने बदलायचा असेल तर आरटीओत आरसीवर नोंद करावी लागते, हे तो स्वतःहून सांगतो. पट्ट्यांना त्याची गरज नाही. ज्यांच्या गाडीवर जुने पट्टे आहेत त्यांनी भेगा पडायच्या आत, फिल्म मऊ असतानाच ते काढून घ्यावेत, आणि दिवाळीनंतर, मार्चच्या आत जावं. उन्हाळ्यात त्या शेडमध्ये पत्रा एवढा तापतो की नवी फिल्म बसवताना ताणली जाते, आणि तो स्वतःच दुपारी नवं लावायचं काम घेत नाही, सकाळी आठला गाडी आणायला सांगतो.